पाण्याला एक दिवस अंगणात राहू दे

अगं, आई परवा फोनवर सांगत होती की पावसाळ्याआधी तुम्ही सगळं आवार पेव्हर ब्लॉकनं बांधून घेताय. गेटापासून मागच्या धुण्याच्या दगडापर्यंत मातीचा तुकडा म्हणून उरणार नाही. मला तुझं म्हणणं कळतं. नवं घर, पोरं दिवसभर आत-बाहेर, लादीवर चिखलाची पावलं, कुणीही वैतागेल. ब्लॉक बसव, माझी ना नाही. पण सगळीकडे नको. गच्चीचा पुढचा पाइप खाली उतरतो तिथून गेटाच्या बाजूला जी दहा बाय दहाची जागा मोकळी आहे, तेवढी सोड. तिथं पाऊसबाग कर. हल्ली सगळे रेन गार्डन म्हणतात, तीच.

आधी हिशेब बघ, म्हणजे मी एवढा आग्रह का धरते ते कळेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं एकच सूत्र लक्षात ठेवायचं. तुझ्या गच्चीचा निम्मा उतार त्या पुढच्या पाइपावर काढलाय, म्हणजे साधारण ६०० चौरस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर. वळवाची एक जोरदार सर तासाभरात २५ मिलिमीटर सहज देते. पाणी झालं १,४०० लिटर. थोडं स्लॅब पितो, थोडं उडून जातं, तरी साडेबाराशे लिटर त्या चार इंची पाइपातून तासाभरात खाली येतं. तुमच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीहून जास्त. आणि आज ते सगळं गेटाखालून रस्त्यावर जातं.

रस्त्यावरून पुढे कुठं जातं, ते एकदा पावसात छत्री घेऊन बघून ये. तुमची गल्ली उतारावर आहे. तुमचं पाणी खालच्या घराच्या पायरीशी जातं, त्यांचं त्याच्या खालच्याकडे, आणि सगळ्यांचं मिळून ओढ्याकडे. टेकडीच्या उतारावर नुसती माती आणि गवत होतं तेव्हा पावसाचा पहिला भाग जमीन पिऊन टाकायची आणि उरलेलं पाणी सावकाश ओढ्याला मिळायचं. आता गच्च्या, पार्किंग, काँक्रीटचे रस्ते. पाऊस तेवढाच पडला तरी पाणी ओढ्यात पोचतं ते काही मिनिटांत आणि एकदम. ओढा मात्र बांधकामांनी आवळून आधीच अरुंद केलेला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबील ओढा कसा चढला, ते तुला आठवत असेल. भिंती पडल्या, काठावरच्या वस्त्यांत पाणी शिरलं, पुणे आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. त्या रात्रीचा दोष कुणा एका बंगल्याच्या अंगणाला नाही देता येणार. पण ओढ्यात येणारं पाणी अंगणाअंगणांतूनच येतं, हेही खरंच आहे ना?

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी उघड बोलत नाही. कित्येक घरांत गच्चीचा पाइप सरळ ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकतात. मिस्त्रीला ते सोपं पडतं. ड्रेनेजचे नळ घरातल्या सांडपाण्याच्या मापानं टाकलेले असतात. पावसाचं पाणी त्यात शिरलं की झाकणं वर उचलली जातात आणि मैला रस्त्यावर येतो. तुमच्या मागच्या पाइपाचं तसं केलंय का, ते आधी विचार. केलं असेल तर तो जोड तोडून घे, बाग होवो न होवो.

आता पाऊसबाग म्हणजे नेमकं काय ते सांगते. जमिनीत केलेला उथळ, पसरट खोलगा. सहा इंच पाणी त्यात मावतं, तळाला पाणी झिरपू देणारी मोकळी माती असते, वर ओलं आणि कोरडं दोन्ही सोसणारी झाडं लावलेली असतात. गच्चीचं पाणी त्यात येतं, काही तास थांबतं, मुरतं. बाकी वेळ ती साधी बागच दिसते. शोषखड्डा वेगळा, तो खोल, अरुंद, दगडगोट्यांनी भरलेला. तळंही वेगळं, तळ्यात पाणी टिकवायचं असतं, इथं घालवायचं असतं. पाणी इथून जाताना गच्चीवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, आवारात सांडलेलं तेल हे बरंचसं वरच्या मातीतच अडकतं, आणि मुळांजवळचे जिवाणू त्यातलं पुष्कळसं पचवतात. रस्त्यावरून गेलेलं पाणी हेच सगळं नदीत नेऊन टाकतं.

ही पद्धत या रूपात अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली. १९९० च्या आसपास तिथल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत, सॉमरसेट नावाच्या नव्या वसाहतीत दर घरामागे ३०० ते ४०० चौरस फुटांची अशी बाग केली, आणि ती नेहमीच्या पावसाळी गटारांच्या व्यवस्थेपेक्षा स्वस्त पडली. पुढे कॅन्सस सिटीनं तर दहा हजार पाऊसबागांची मोहीमच काढली. पण तू हे परकं समजू नकोस. आजीच्या परसात न्हाणीचं पाणी जिथं पडायचं, तिथं अळू, कर्दळ आणि केळी असायच्याच. ते पाणी कधी साचलेलं आपण पाहिलं नाही. पाण्याच्या वाटेवर पाणी पिणारी झाडं लावायची, ही अक्कल आपल्या बायकांकडे आधीपासून होती. आता ती सांडपाण्याऐवजी पावसाच्या पाण्याला लावायची, एवढंच.

एक मात्र स्पष्ट सांगते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पावसापुढे तुझी-माझी बाग काही करू शकत नाही. ती तासाभरात भरून वाहील. तिचं काम रोजच्या पावसाचं. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातल्या बहुतेक दिवसांचा पाऊस असा असतो की शंभर चौरस फुटांची बाग तुझ्या त्या पाइपाचं सगळं पाणी गिळेल. मोठ्या पावसात ती पहिले हजार-बाराशे लिटर अडवेल, आणि ओढ्याला तेवढा श्वास घ्यायला वेळ मिळेल. यापेक्षा जास्त कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

आता मातीची परीक्षा. सगळं यश-अपयश हिच्यावर आहे, म्हणून घाई करू नकोस. जागेच्या मधोमध एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा खण. पाण्यानं काठोकाठ भर आणि मुरू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा भर, पुन्हा मुरू दे. तिसऱ्यांदा भरल्यावर त्यात एक पट्टी उभी रोव आणि दर तासाला पाणी किती उतरलं ते लिहून ठेव. तिसऱ्यांदा का, तर उन्हाळ्यात कोरडी पडलेली जमीन पहिलं पाणी अधाशासारखं पिते. तो वेग खोटा असतो. पावसाळ्यात जमीन भिजलेली असते, तेव्हा ती किती पिईल हे आपल्याला हवंय. तासाला इंचभर पाणी उतरलं तर उत्तम; सहा इंच साचलेलं पाणी सहा तासांत जाईल. अर्धा इंच उतरलं तरी चालेल. पाव इंचाच्या खाली आलं तर मात्र आहे त्या मातीत बाग करायची नाही.

तुमच्याकडे डोंगराचा मुरूम आहे, त्यामुळे मला आशा आहे. मुरूम म्हणजे झिजलेला, भुसभुशीत झालेला काळा पाषाणच. पाणी त्यातून बरं जातं. पण नव्या घराचं आवार फसवं असतं. बांधकामाच्या वेळी जिथं काँक्रीट कालवलं, तिथं सिमेंटचं पाणी मुरून जमीन दगड होते. राडारोडा पसरून वर चार इंच लाल माती टाकली की डोळ्यांना सगळं छान दिसतं. म्हणून खड्डा खणताना काय काय निघतं ते बघ. विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, प्लास्टिकच्या गोण्या निघाल्या तर तेवढं सगळं काढायचं, पहारीनं तळ फोडायचा. आणि तिथं परत जेसीबी किंवा टेम्पो फिरू द्यायचा नाही. एकदा चाक फिरलं की माती दाबली जाते आणि पाणी वरच्या वर राहतं.

आमच्याकडे काळी माती आहे, तिथलं गणित निराळं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून बादल्यांनी पाणी खाली जातं. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय पिते! एकदा ओली होऊन फुगली की भेगा मिटतात आणि वर पाणी दिवसच्या दिवस उभं राहतं. शिवाय तिच्या फुगण्या-आकसण्यानं भिंतींना तडे जातात, म्हणून घराजवळ तिला मुद्दाम पाणी पाजणं बरं नव्हे. अशा ठिकाणी दोन फूट माती काढून मोकळं मिश्रण भरावं लागतं आणि तळाला भोकांचा पाइप टाकून जास्तीचं पाणी बाहेर काढून द्यावं लागतं. तरीही फायदा असतो, कारण पाणी गाळून आणि सावकाश बाहेर पडतं. पण खर्च वाढतो. तुझ्या मैत्रिणीचं घर हडपसरच्या काळ्या रानात आहे म्हणतेस ना, तिला सांग, तू आधी गच्चीच्या पाण्याची टाकी कर.

जागा कुठं नको, तेही सांगून ठेवते. घराच्या पायापासून किमान दहा फूट लांब, आणि घरापेक्षा खालच्या अंगाला. तुमची जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी गेटाजवळच आहे का, ते नीट बघ. असेल तर ही जागा बाद. टाकीच्या भिंतीला बारीक तडा असला तरी बाहेरचं पाणी आत जाईल. सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यापासूनही लांबच. शेजाऱ्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून नको, त्यांच्या बाजूला ओल गेली तर कायमचं भांडण होईल. जिथं आत्ता पाणी साचून राहतं तीच जागा बागेला योग्य, असं बऱ्याच जणींना वाटतं. ते उलटं आहे. पाणी साचतं म्हणजे तिथली जमीन पीत नाही. मोठ्या झाडाच्या बुंध्याशीही खणू नकोस, मुळं तुटतील. आणि बोअरवेल असेल तर हे अंगणातलं पाणी तिच्यात थेट सोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. वरची घाण सरळ भूजलात जाते, आणि ते पाणी तुझ्या एकटीचं नसतं.

काम करताना माळीदादांवर लक्ष ठेव. माळी चांगला असला तरी त्याच्या हाताला सवय वाफा उंच करायची. मधे माती चढवून, कडेला विटा लावून, सिमेंटनं सांधे भरून तो सुंदर आळं करून देईल आणि पाणी बाहेरच राहील. त्याला आधीच सांग, सिमेंट अजिबात नको आणि माती अंगणापेक्षा खाली राहिली पाहिजे. साधारण दोन फूट खणायचं. सव्वा फूट मिश्रण भरायचं, वर दोन-तीन इंच पालापाचोळा, आणि त्याच्यावर सहा इंच जागा पाण्याला रिकामी. तळ अगदी सपाट हवा, नाहीतर सगळं पाणी एका कोपऱ्यात जाऊन तेवढीच माती भिजेल. गवंडी पाण्याची नळी लावून लेव्हल काढतात, तीच काढायला लाव. कडा उभ्या नकोत, उतरत्या ठेव. उभ्या कडा पहिल्या पावसात ढासळतात. खणून निघालेल्या मातीतून उताराच्या बाजूला एक बुटका बांध घाल आणि तो पायानं चांगला तुडवून घे.

मिश्रणात अर्धी वाळू, पाव चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, पाव तिथलीच मुरमाड माती. सव्वाशे घनफूट भरायचं म्हणजे वाळू पाऊण ब्रासच्या आत येईल. नदीची वाळू मागू नकोस. ती महाग तर आहेच, आणि आपण नदीसाठी बाग करायची आणि नदीचंच पात्र उपसायचं, हे मनाला पटत नाही. क्रश सँड चालते, पण धुतलेली घे. न धुतलेल्या वाळूत दगडाचं पीठ असतं, ते ओलं झालं की घट्ट बसतं आणि सगळं चोंदतं.

पाइपाचं तोंड थेट बागेत सोडायचं नाही. पाणी वरून धो धो पडलं तर पहिल्याच दिवशी तिथं खड्डा होईल. पाइपापासून बागेपर्यंत एक उथळ चर काढ, त्यात नदीतल्यासारखे गोल गोटे पसर आणि बागेच्या तोंडाशी दोन चपटे दगड ठेव. पाण्याचा वेग तिथंच मोडतो. मग सांडवा. हा विसरलीस तर सगळं विसरलीस. बांधाच्या एका ठिकाणी, घरापासून सगळ्यात लांबच्या बाजूला, हातभर रुंदीचा भाग दोन इंच खाली ठेवायचा आणि दगडांनी पक्का करायचा. बाग भरली की जास्तीचं पाणी इथूनच बाहेर जाईल, आपल्याला हव्या त्या वाटेनं. सांडवा नसला तर पाणी स्वतःची वाट काढतं आणि ती बहुतेक वेळा घराकडची असते.

झाडांच्या बाबतीत बाहेरच्या देशांच्या याद्या बघू नकोस. त्यांच्याकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा असतो. आपल्याकडे चार महिने पाण्यात पाय आणि आठ महिने घसा कोरडा. दोन्ही सोसणारं झाड हवं. माझी पहिली पसंती वाळ्याला. तोच, जो आई उन्हाळ्यात माठात घालायची. त्याची मुळं सरळ खाली दहा-दहा फूट जातात, माती धरून ठेवतात आणि पाण्याला खाली जायला वाट करून देतात. दिवसभर पाण्यात उभा राहिला तरी कुजत नाही, एप्रिलमध्ये पाणी नाही मिळालं तरी मरत नाही. तळाला वाळा आणि कर्दळ लाव. सोनटक्क्याचा एक गड्डा पाइपाच्या तोंडाजवळ लाव, तिथं ओल सगळ्यात जास्त टिकते. उन्हाळ्यात त्याची पानं सुकली तर उपटून टाकू नकोस, कंद जिवंत असतो. उतरत्या कडांवर गवती चहा आणि पावसाळी लिली. बांधावर अडुळसा, तगर. कण्हेरही टिकते, पण ती विषारी आहे आणि तुझं धाकटं अजून सगळं तोंडात घालतं, तेव्हा ती नको.

आणि तेरड्याचं बी भिरकावून ठेव. पहिल्या पावसात उगवतो, भाद्रपदापर्यंत फुलून येतो. तुझ्या सासरी तेरड्याच्या गौरी बसतात ना? दरवर्षी मंडईतून कोमेजलेल्या जुड्या आणण्यापेक्षा आपल्या अंगणातल्या उपटून आणता येतील. शेंगा फुटून बी तिथंच पडतं आणि पुढच्या वर्षी आपोआप येतो.

अळू लावायचा मोह होईल. गच्चीचंच पाणी येणार असेल तर लाव. पण गाडी उभी राहते तिथलं पाणी बागेत वळवलंस तर त्या अळवाची भाजी करायची नाही. तेल आणि टायरची धूळ त्या मातीत असते. तुळस, गुलाब, शेवंती इथं नको, त्यांच्या मुळांना पाणी सोसत नाही. लव्हाळा चुकूनही शिरू देऊ नकोस. पाणथळीचं गवत म्हणून कुणी आणून देईल, पण एकदा गाठी पसरल्या की सगळ्या बागेचा कब्जा घेतो. बेशरमीचंही तेच. वेखंड सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं, पण त्याला बारा महिने ओल लागते. या बागेत ते उन्हाळा काढणार नाही.

सासूबाई डासांचं विचारतील, आणि बरोबरच विचारतील. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. आपल्या बागेतलं पाणी एका दिवसात, फार तर दोन दिवसांत जायला हवं, हा नियम त्याचसाठी आहे. पाणी वेळेवर जात असेल तर तिथं डास होत नाहीत. घरातल्या कुंड्यांच्या ताटल्या, कूलरचं तळ, गच्चीवरचा जुना टायर यांच्यावर जास्त नजर ठेवायला हवी. पण दोन दिवसांनीही पाणी उभं दिसलं तर हयगय करू नकोस. गाळ बसून माती चोंदलीय असं समज आणि वरचा थर खरवडून काढ. सापांची भीती असेल तर वाळा वर्षातून दोनदा कापायचा आणि दारापासून बागेपर्यंतची जागा मोकळी ठेवायची. आणि धाकट्याला मात्र बाग भरलेली असताना एकटं बाहेर सोडायचं नाही. पाणी सहा इंचच असलं तरी लहान मुलाला तेवढंही पुरतं.

म्हापशाच्या आपल्या मामेबहिणीला हे सांगितलंस तर ती लगेच कामाला लागेल, तिचा उत्साह माहीत आहे मला. पण गोव्यात आणि कोकणात जुलैत जमिनीखालचं पाणी पुष्कळ ठिकाणी अगदी वर आलेलं असतं. विहिरीत हात घातला तर पाणी लागतं. तिथं खोलगा केला तर पाणी मुरण्याऐवजी खालून वर येईल. तिनं आधी भर पावसात आपल्या विहिरीची पातळी बघावी. जांभ्याच्या उंच सड्यावर घर असेल तर गोष्ट वेगळी.

राखण पहिली दोन वर्षं असते, नंतर फारसं काही उरत नाही. पहिल्या जूनमध्ये रोपं लावलीस की पाइपाचं पाणी लगेच बागेत घेऊ नकोस. बेंड फिरवून ते तीनेक आठवडे दुसरीकडे जाऊ दे, पोरसवदा मुळांना धरायला वेळ मिळू दे. मोठा पाऊस होऊन गेला की गोट्यांवर साचलेला गाळ फावड्यानं काढायचा. तो तिथंच थांबावा म्हणून तर ते गोटे आहेत. श्रावणात तण उपटायचं, ओल्या मातीत ते सहज येतं, पण आत उभं राहून नाही, काठावर बसून. पालापाचोळा दरवर्षी नवा घालायचा. उसाचं पाचट किंवा नारळाच्या शेंड्या चांगल्या, हलकी सुकी पानं पाण्यावर तरंगून सांडव्यात अडकतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी दे. रासायनिक खत कधीच घालायचं नाही, ते पाण्याबरोबर खाली जातं. आणि धुण्याच्या मशीनचं साबणाचं पाणी या बागेत सोडू नका, घरच्यांना हे आताच बजावून ठेव.

ब्लॉकचं म्हणशील तर गाडीच्या दोन चाकांखाली दोन पट्टे पक्के कर, दारापर्यंतची पायवाट पक्की कर. चिखल तेवढ्यानं नव्वद टक्के थांबेल. त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या भागात जाळीचे ब्लॉक बसव, त्यांच्या भोकांत गवत येतं. नेहमीचे ब्लॉक खाली काँक्रीट ओतून बसवले तर पाणी जराही खाली जात नाही, मग वरून ते कितीही सुटे दिसोत. आवाराचा उतार गेटाकडे न काढता बागेकडे काढायला सांग. ब्लॉक बसवणारा विचारणार नाही, त्याची सवय उतार गेटाकडे काढायची आहे.

तुझं बघून शेजारच्या दोघी-तिघींनी केलं तर खालच्या घराच्या पायरीशी पाणी पोचायला वेळ लागेल. त्या घरातल्या आजी दर पावसाळ्यात दाराशी गोण्या लावून बसतात, असं तूच मला सांगितलं होतंस. म्हणून म्हणते, हे नुसतं आपल्या अंगणाचं काम नाही. एकीनं केलं तर फरक मोजता येणार नाही, गल्लीनं केलं तर दिसेल. तू आधी कर, मग बोलव त्यांना बघायला.

रोहिणी लागायला अजून महिना आहे. खणायचं काम मे संपायच्या आत उरकलं पाहिजे, मृगात ओल्या मातीत कुदळ घालायची नाही. तेव्हा या रविवारी फक्त परीक्षेचा खड्डा खण, पाणी भर, आणि तिसऱ्या वेळी तासाला किती उतरलं तो आकडा मला फोन करून सांग. तो कळल्याशिवाय वाळूची ऑर्डर देऊ नकोस.